रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातल्या बाईच्या कसोटीचा दिवस. जायकवाडीसारखं धरण जवळ असूनही गेली कित्येक वर्षं इथे अनेक दिवसांआड पाणी येतं. पिंपं, टाक्या, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर नवल नाही. पण काही जणींचं अंग महिनोन्‌महिने ठणकत राहतं. झोप झाली तरी थकवा जात नाही. घाटी रुग्णालयात दाखवा नाहीतर सिडकोतल्या दवाखान्यात, रक्त आणि एक्स-रे नॉर्मल. मग घरचे सांगून मोकळे होतात: ‘मनाचं आहे’, नाहीतर ‘वय झालं’.

अशा दुखण्यामागे फायब्रोमायाल्जिया हा आजार असू शकतो. जगभरात सुमारे २ ते ४ टक्के लोकांना तो असतो आणि त्यात बायकाच जास्त. स्नायूंना सूज नसते. वेदनेचे संदेश मेंदू आणि मज्जारज्जूत वाजवीपेक्षा तीव्र होतात. १९९०च्या अमेरिकी निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहत आणि सर्वांगातल्या दुखण्यासोबत त्यांतल्या किमान ११ दुखल्या तर निदान होई. २०१०च्या निकषांनी दुखण्याचा पसारा, थकवा, झोप आणि विसराळूपणाही मोजायला घेतला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व यांची तपासणी मात्र हवीच, कारण त्यांच्या कमतरतेतही अंग असंच दुखतं.

अंगदुखी काही शहरी चोचला नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. आमवाती संधिवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) जेमतेम अर्धा टक्का होता. सांध्यांबाहेरच्या मऊ ऊतींची दुखणी मात्र ५.५ टक्के.

आता ‘वय झालं’कडे वळू. अमेरिकेत लिन पँटन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फायब्रोमायाल्जिया असलेल्या, सरासरी ४६ वर्षांच्या बायकांची तुलना सरासरी ७१ वर्षांच्या निरोगी बायकांशी केली. पायांची ताकद आणि रोजची कामं करण्याची क्षमता दोन्ही गटांत जवळपास सारखीच भरली. हे चक्र असं: दुखतं म्हणून हालचाल टाळायची, टाळली की स्नायू झिजतात, झिजले की थोड्या कामानेही दुखतं. त्यात आपल्याकडे साधारण ४६-४७व्या वर्षी पाळी जाते आणि झीज वेग धरते.

ही झीज घरच्या घरी ओळखता येते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली असण्याची शक्यता असते. फिजिओथेरपिस्टकडे मुठीची पकडही मोजतात. आशियाई निकषांनुसार बायकांमध्ये ती १८ किलोपेक्षा कमी नसावी.

गेलेली ताकद परत मिळवता येते. फिनलंडमध्ये हा आजार असलेल्या बायकांनी २१ आठवडे वजनांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद निरोगी बायकांइतकीच वाढली. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी २०१७ मध्ये ठाम शिफारस केली ती एकाच उपायाची, व्यायामाची. गोगाबाबा टेकडीवरचं सकाळचं फिरणं चांगलंच. पण ताकदीसाठी स्नायूंवर भार यावा लागतो. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या अर्ध्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात करावी. आठवड्यातून दोनदा, मध्ये विश्रांती, आणि वाढ अगदी हळूहळू. एका दिवसात सगळं उरकायला गेलं की दुखणं उसळतं आणि व्यायामच सुटतो. बादल्या उचलणं म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात भार आपल्या सोयीने ठरत नाही. स्नायूंना प्रथिनंही लागतात, म्हणून भाकरीसोबत मटकी, डाळ, दही किंवा अंडं हवं, आणि ते सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नको.

मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहू नका; या आजारात त्यांचा फारसा उपयोग होत नाही, पोट आणि मूत्रपिंडं मात्र धोक्यात येतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दुखणं तर सांगाच, ‘माझी ताकदही मोजा’ असंही म्हणा. आणि घरच्यांनी पुढच्या पाण्याच्या दिवशी बादल्या वाटून घ्याव्यात.