काळ्या जमिनीवरील घराचा पाया

नागपूर जिल्ह्यातील काळी कापसाची जमीन पिकास उत्तम, परंतु घरास दगा देणारी आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात, पारा 45 अंशांवर गेला म्हणजे, आक्रसून भेगाळते. या हालचालीने भिंतींना चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. ते नुसत्या गिलाव्याने बुजवून भागत नाही.

उपाय पायातच करावा. काळा थर उथळ असल्यास तो काढून पाया घट्ट मुरमावर घ्यावा. थर खोल असल्यास, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पुरस्कारिलेले, बुडाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब अभियंत्याच्या सल्ल्याने घालावेत. ते साधारणतः 3.5 मीटर, म्हणजे जेथील ओल फारशी बदलत नाही अशा थरापर्यंत नेतात. जोत्यात खोदलेली काळी माती न भरता मुरूम भरून कुटावा. जोत्यावर सळयांचा सलग काँक्रीट पट्टा घालावा. घराभोवती बाहेर उतरती फरशी करावी आणि मोरीचे पाणी दूर न्यावे. मोठी झाडे भिंतीलगत लावू नयेत.

उन्हाळ्यात विटा भिजवून वापराव्यात व बांधकामावर निदान 7 दिवस पाणी मारावे. गवंड्याने पाया भरण्यापूर्वी मालकाने खड्ड्याचा तळ स्वतः पाहावा. पायात वाचविलेला पैसा पुढे दरसाल डागडुजीत जातो.