प्रवाळाच्या टाकीची गंगाजळी

गेवराई तालुक्यातील उमापूर या गावी, जेथून समुद्र दीडशे मैलांहून अधिक दूर आहे, घरात प्रवाळांची टाकी मांडण्याचा मनसुबा कोणी बोलून दाखविला, तर गावकरी त्याची गणना विक्षिप्तांत करतील. आणि तरीही त्या टाकीचे जे सर्वांत अवघड प्रकरण, म्हणजे पाण्याचा सामू (pH) आणि अल्कता स्थिर राखणे, त्याचे मूलतत्त्व गंगाथडीच्या शेतकऱ्याला पुण्यामुंबईच्या हौशी माणसापेक्षा अधिक परिचयाचे असावे. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर सामूचा रकाना असतो, आणि चुनखडीच्या काळ्या रानाच्या पत्रिकेत तेथे बहुधा आठाच्या आसपासचा आकडा लिहून येतो. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा सामूही सुमारे 8.1 आहे. दोन्हीकडे अंमल एकाच रसायनकुळाचा: कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि हवेतील कर्बवायू. नांगराच्या फाळाला लागणारा चुनखडीचा खडा आणि प्रवाळाचा सांगाडा हे दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचेच.

सामूची मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये, कोपनहेगन येथील बिअरच्या कारखान्याने स्थापिलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असता, घालून दिली. ती घातांकी असल्यामुळे फसवी आहे, सामू 8.3 वरून 8.0 वर आला म्हणजे आकड्यात किरकोळ फरक पडला असे दिसते, परंतु पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण तेवढ्यात दुप्पट झालेले असते.

अल्कता ही निराळी गोष्ट. पाण्यात अम्ल पडले असता ते पचवून सामू फारसा ढळू न देण्याची जी पाण्याची शक्ती, जी समुद्रात मुख्यत्वे बायकार्बोनेटांमुळे येते, तिला अल्कता म्हणतात; सामू हा त्या त्या घटकेचा दर्शनी आकडा, तर अल्कता ही गंगाजळी होय. हौशी मंडळी ती जर्मन अंशांत मोजतात, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोलाची अल्कता. समुद्राची अल्कता 7 अंशांच्या आसपास भरते. टाकीत ती 7 ते 9 यांच्या दरम्यान कोठेही ठेवावी, मात्र जो आकडा एकदा मुक्रर केला तो महिनोन्महिने बदलू नये. नवशिके मात्र नेमके उलट करतात, आणि उत्तम आकड्याच्या शोधात आज एक तर उद्या दुसरा मुक्काम गाठून प्रवाळांची दैना करतात.

ही शिल्लक रोज खर्ची पडते. दगडी प्रवाळ सांगाडा रचताना पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतात, आणि त्या घडणीत कर्बवायू मोकळा होतो; शिवाय माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणूही अम्ल निर्माण करून थोडी अल्कता गिळतात. मालवणच्या खडकांवरील किंवा विजयदुर्गापुढे खोल समुद्रात असलेल्या, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळांचा हा खर्च अथांग पाण्यात कोणाच्या लक्षातही येत नाही, पण दोनशे लिटरच्या टाकीत भरभरून वाढणारे प्रवाळ एका दिवसात एक अंश अल्कता सहज संपवू शकतात. (येथे एक इशारा देणे भाग आहे. दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा सरळ गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या प्रवाळाचे कागदपत्रही तपासूनच तो घरात घ्यावा.)

तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी उंबरठ्याशी. उमापूरकराला समुद्र स्वतःच तयार करावा लागेल, बाजारातील तयार सागरी मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून. आणि येथे एक मौजेची अडचण उभी राहते. बेसॉल्टच्या खडकातील विहिरींच्या पाण्याची अल्कता पुष्कळदा समुद्राहून जास्त असते, हंड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्याचीच साक्ष देतो, म्हणून ते पाणी टाकीला पोषक असेल असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु बाष्पीभवनात केवळ पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे रोजची तूट विहिरीच्या पाण्याने भरत गेले तर नको असलेले क्षार आणि नायट्रेट यांची बाकी चढत जाते. तूट भरण्यासाठी आरओचे पाणी घ्यावे, आणि गावात मिळणाऱ्या जारच्या पाण्यातही काही क्षार उरतात, हे मीटरने तपासून घ्यावे.

खर्च मोजण्याची रीत सोपी आहे. ठरावीक मापाच्या पाण्यात रंगद्रव्य घालून अम्लाचे थेंब मोजत टाकावेत, निळा रंग पिवळा झाला की थेंबांच्या संख्येवरून अल्कता कळते. हे रोज एकाच वेळी करून वहीत मांडले की आठवड्यात टाकीचा दैनिक खर्च उघड होतो. मग तो भरून काढण्यास खाण्याचा सोडा पुरतो: शंभर लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढविण्यास सुमारे 3 ग्रॅम लागतो. एका दिवसात एका अंशाहून अधिक वाढ करू नये, आणि सोडा व कॅल्शियमचे द्रावण एकाच जागी एकाच वेळी ओतू नये, कारण दोन्हींची गाठ पडताच कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका होऊन सारा खटाटोप वाया जातो. चुन्याची निवळी याहून खानदानी उपाय आहे. पीटर विल्केन्स या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या जाणकाराने तिचा प्रसार गेल्या शतकाच्या आठव्या दशकात केला. शुद्ध चुन्याची निवळी (पानटपरीवरचा चुना यासाठी वापरू नये) प्रवाळांना हवे त्याच प्रमाणात कॅल्शियम व अल्कता दोन्ही पुरविते, आणि कर्बवायू शोषून सामूही वर आणते. तिचा स्वतःचा सामू 12 हून अधिक असल्यामुळे ती रात्री, बाष्पीभवनाची तूट भरण्याच्या पाण्यातून, थेंबाथेंबानेच सोडावी.

रात्रीच का, तर दिवसा प्रकाशात शैवाले कर्बवायू ओढून घेतात आणि सामू 8.3 पर्यंत चढतो, रात्री सारेच जीव श्वसनाने कर्बवायू सोडीत राहतात आणि पहाटे सामू 7.9 वर उतरलेला आढळतो. ही भरतीओहोटी निरोगी टाकीतही चालते. अल्कता जागेवर असता पहाटेचा आकडा पाहून बाटलीतले सामूवर्धक द्रव्य ओतणे हा अविचार आहे. सामू सदैवच खाली राहत असेल तर प्रथम घरातील हवा पाहावी: खिडक्या बंद असलेल्या, स्वयंपाकाचा गॅस जळत असलेल्या खोलीत हवेतच कर्बवायू साचलेला असतो. उघड्या चौकाच्या वाड्यात हा दोष उद्भवत नाही, पण वैशाखात पारा चाळिशीपार गेल्यावर टाकी 26 अंश सेल्सियसच्या आसपास राखण्यासाठी खोली बंद करून थंड करावी लागते, आणि कोंडलेली हवा पुन्हा पाण्यात उतरते. अशा वेळी टाकीच्या हवापंपाची नळी भिंतीतून बाहेर काढून तेथली ताजी हवा आत घ्यावी. आणि रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर प्रथम हवेचा पंप चालावा अशी जोडणी आधीच करून ठेवावी, दिवे बंद राहिले तरी चालेल.