५२५ पटींचा हट्ट सोडा

राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण मांडली, की गल्लीतली पोरं आणि त्यांचे आईबाप जमतात. गुरूचे चार चंद्र बघून होतात न होतात, तोच प्रश्न येतो, "किती पट दाखवती ओ ही?" मी १०० म्हणालो, की चेहरे उतरतात. "आमच्या पोराला मामानं आणलीया, ती ५२५ पट दाखवती!" हे इतक्यांदा ऐकलंय, की आता स्पष्टच लिहितो : पट हे दुर्बिणीच्या ताकदीचं माप नाही.

हे ५२५ येतात कुठून? पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, डोळ्याजवळच्या नेत्रिकेचं ४. भागाकार १७५. मध्ये तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं, की ५२५. गणित बरोबर आहे, पण त्यात पुढच्या भिंगाचा व्यास कुठंच नाही. प्रकाश गोळा करतं ते हेच भिंग, आणि बारकावे किती दिसणार हेही तेच ठरवतं. ६० मिलिमीटरच्या भिंगाला दोन विकलांहून जवळचे दोन तारे वेगळे दाखवता येत नाहीत. विल्यम डॉझ या इंग्रज निरीक्षकानं एकोणिसाव्या शतकात जोडतारे तपासून हा नियम बसवला. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगांची आहे. कुठलंही बार्लो ती ओलांडत नाही.

म्हणून निरीक्षकांचा साधा ठोकताळा : मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट. ६० मिलिमीटरला १२० पट, बास. पुढं चित्र नुसतं फुगतं. शेरभर दुधात पाणी ओतत राहावं, तसा तेवढाच प्रकाश पातळ होत जातो. त्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबवरची हवा चित्र थरथरवते आणि पृथ्वी फिरत असल्यानं ग्रह वीसेक सेकंदांत नजरेआड होतो. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र शोधले, ते सुमारे २० पटींवर!

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

"शहरातनं काही दिसत नाही." चंद्र, ग्रह, जोडतारे छान दिसतात. दीर्घिका आणि तेजोमेघांसाठी मात्र अंधारात जावं लागतं.

"चंद्र पौर्णिमेलाच बघावा." उलट सप्तमी-अष्टमीला बघा. तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या पडतात, तेव्हाच खोली कळते.

"मृगातला तेजोमेघ गुलाबी दिसतो." डोळ्याला राखाडीच दिसतो. रंग कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवून टिपतो.

"ध्रुव सगळ्यांत तेजस्वी." त्याचा क्रमांक पन्नासाच्या आसपास. कोल्हापुरातून तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो.

"चंद्रावरचा झेंडा दाखवा." त्यासाठी पावणेदोनशे मीटरहून मोठा आरसा लागेल.

माझा राग पोरांवर नाही, खोक्यावरच्या त्या आकड्यावर आहे. आठ वर्षांची पोर पहिल्याच रात्री धूसर डाग बघते, आकाशात बघण्यासारखं काही नाही असं समजते आणि दुर्बीण माळ्यावर जाते. ती आज खाली काढा. बार्लो बाजूला ठेवा, २० मिलिमीटरची नेत्रिका लावा आणि शनी वर असेल त्या रात्री त्याच्याकडे रोखा. ३५ पटींत कडं दिसेल. आणि नवी दुर्बीण घ्यायला गेलात, तर आधी व्यास विचारा.