स्टेज मॉनिटर घेताना आधी वॅट बघू नका

कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा एखाद्या कॅफेत बँड वाजत असताना गायकाकडे नीट बघा. एक बोट कानात, मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. सगळ्यांना त्याचं गाणं ऐकू येतंय, फक्त त्याला स्वतःला नाही. कारण मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेले असतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला नुसती धमधम मिळते आणि समोरच्या भिंतीवरून उशिरा परत आलेला आवाज. मग तो ओरडून गातो, तासाभरात गळा बसतो आणि सूर घसरायला लागतो. यावरचा उपाय म्हणजे पायाशी तिरका ठेवलेला, त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजेच स्टेज मॉनिटर.

मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका बँडमध्ये बास वाजवतो. आम्ही पाच जण आहोत: दोन गायक (त्यातला एक गिटारही वाजवतो), कीबोर्ड, कहोन आणि मी. मॉनिटर घ्यायचे ठरले तेव्हा पैसे पाचही जणांच्या खिशातून जाणार होते, त्यामुळे चर्चा दणकून झाली. आणि ती सगळी एकाच आकड्याभोवती फिरत होती: किती वॅटचा घ्यायचा?

बघा, वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५०० वॅटच्या जागी १००० वॅटचा स्पीकर आणला तर फरक जाणवतो, पण डोळे विस्फारण्याएवढा नाही. उलट मोकळ्या जागेत तोच स्पीकर २ मीटरवरून १ मीटरवर आणला की जवळपास ६ डेसिबल फुकटात मिळतात. शिवाय खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बहुतेक वेळा 'पीक' असतात, म्हणजे क्षणभरासाठी मिळणारी ताकद. त्यापेक्षा माहितीपत्रकात 'मॅक्स एसपीएल' शोधा. स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल देऊ शकतो, ते त्यात कळतं. अर्थात हाही आकडा कंपनीचाच असतो, म्हणून तो तुलनेपुरता वापरायचा.

उदाहरणार्थ, यामाहाचे डीबीआर१० आणि डीबीआर१२ घ्या. दोन्ही आडवे ठेवून मॉनिटर म्हणून वापरता येतात. पहिल्याचा मॅक्स एसपीएल १२९ डेसिबल, दुसऱ्याचा १३१. वजन मात्र साडेदहा किलो आणि जवळपास सोळा किलो. २ डेसिबलसाठी प्रत्येक वेळी रिक्षात पाच किलो जास्त चढवायचे का, हा खरा प्रश्न. कॅफे, घरगुती संगीत, छोटा हॉल अशा ठिकाणी १० इंची पुरतो. मॉनिटरमधून छातीत घुसणारा बेस नकोच असतो, तो मुख्य स्पीकरमधून सगळ्या हॉलमध्ये पसरलेलाच असतो. मात्र पूर्ण ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटारचे अँप्लिफायर असतील तर सरळ १२ इंची घ्या, तिथे १० इंचीचा दम निघेल. दोन्ही बाबतीत ॲक्टिव्ह, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेला घ्यावा असं माझं मत. वेगळा अँप्लिफायर उचलणं आणि त्याची जोडी जुळवणं वाचतं.

खरी मर्यादा शिट्टीची

मॉनिटर पूर्ण ताकदीने वाजायच्या कितीतरी आधी माइक शिट्टी मारतो. माइकने पकडलेला आवाज मिक्सरमधून मॉनिटरमध्ये जातो, तिथून पुन्हा माइकमध्ये, आणि प्रत्येक फेरीत थोडा मोठा होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर थांबायची अटच न लिहिलेलं रिकर्शन! हे चक्र एखाद्या विशिष्ट फ्रिक्वेन्सीला आधी पेटतं. ज्या स्पीकरचा आवाज एखाद्या ठिकाणी उगाच उंचावलेला असतो, तो तिथेच आधी ओरडतो. म्हणून दुकानात कानाला 'भारी' वाटणारा, चमचमीत आवाजाचा स्पीकर स्टेजवर त्रास देऊ शकतो.

दुकानात जाताना स्वतःचा माइक घेऊन जा. स्पीकर जमिनीवर तिरका ठेवायला सांगा, गायक उभा राहतो तिथे उभे राहा आणि बोलत बोलत आवाज वाढवत न्या. शिट्टी यायच्या आधी तुमचा आवाज किती मोठा आणि स्पष्ट मिळतो, ते दोन-तीन मॉडेलवर ताडून बघा. दुकानदार गाणं लावून दाखवेल, पण त्यातून हे कळत नाही.

माइकचा प्रकारही बघा. शुअर एसएम५८ कार्डिऑइड आहे, त्याला अगदी मागून येणारा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो. त्यामुळे मॉनिटर माइकच्या शेपटीच्या रेषेत हवा. बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे. त्याचा बहिरा भाग अगदी मागे नसून मागच्या दोन तिरक्या बाजूंना असतो, म्हणून मॉनिटर थोडा बाजूला सरकवायचा. आणि रॅपरसारखी माइकची जाळी मुठीत धरली की ही सगळी गणितं कोलमडतात, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. वापरात नसलेले माइक बंद ठेवा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची जागा ३ डेसिबलने कमी होते.

साउंडचेकला मी फोनवर स्पेक्ट्रॉइड अ‍ॅप उघडून ठेवतो. शिट्टी आली की आलेखात एक सुळका दिसतो. समजा तो २५०० हर्ट्झला असेल, तर मॉनिटरच्या इक्वलायझरमध्ये तेवढाच भाग ३ ते ६ डेसिबलने खाली घ्यायचा. सरसकट ट्रेबल कापू नका, शब्द कळेनासे होतात.

मिक्सरचे किती ऑक्स?

दोन मॉनिटर घेतले आणि दोघांत एकच आवाज गेला तर भांडण तिथेच आहे. प्रत्येकाला वेगळं मिश्रण द्यायचं तर मिक्सरला तेवढे ऑक्स हवेत, आणि तेही 'प्री-फेडर'. नाहीतर प्रेक्षकांसाठी फेडर हलवला की मॉनिटरमधला आवाजही हलतो. छोट्या ॲनालॉग मिक्सरमधला दुसरा ऑक्स पुष्कळदा फक्त इफेक्टसाठी असतो, घेण्याआधी तपासा. बेहरिंगर एक्सआर१८ सारख्या डिजिटल मिक्सरला सहा ऑक्स असतात आणि प्रत्येक जण आपापल्या फोनवरून आपलं मिश्रण ठरवू शकतो. अशा मिक्सरसोबत वेगळा वायफाय राउटर ठेवा. दोनशे फोनांच्या गर्दीत आतलं वायफाय तग धरेलच असं नाही.

आता हमखास येणारा प्रश्न: 'मग ब्लूटूथ इयरबड्स का नकोत?' कारण उशीर. हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. सामान्य ब्लूटूथवर २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. म्हणजे तुमचाच आवाज जवळजवळ ७० मीटरवरून, मैदानाच्या पलीकडून ऐकत गाण्यासारखं. तालात राहणं अशक्य. वायरचे इयरफोन आणि छोटा हेडफोन अँप्लिफायर मात्र बसून वाजवणाऱ्यांना उत्तम. आमच्याकडे गायकांसमोर दोन १० इंची मॉनिटर आहेत, कीबोर्ड आणि कहोनला वायरचे इयरफोन, आणि मी माझ्या बास अँप्लिफायरशेजारी उभा राहतो. पाच मॉनिटरचा खर्च दोनवर आला, स्टेजवरचा गोंगाटही कमी झाला.

गोंगाटाचा मुद्दा चैनीचा नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार दिवसभरात १०० डेसिबल आवाज फक्त १५ मिनिटं सहन करावा, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. छोट्या खोलीत सराव करताना हा आकडा गाठायला ड्रमसेट पुरेसा आहे. कानात इयरफोन असतील तर मिक्सरवर लिमिटर लावलेला असलाच पाहिजे. एखाद्याने चुकून माइक पाडला तर तो धक्का थेट पडद्यावर बसतो.

घाई नसेल तर आवडलेलं मॉडेल एक-दोन कार्यक्रमांना भाड्याने आणून वापरून बघा. आणि बजेट काढताना चांगल्या एक्सएलआर केबल, त्या जमिनीला चिकटवायची टेप आणि अर्थिंग असलेला एक्स्टेन्शन बोर्ड यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा.