सर्व्हो यंत्राची जुळणी : व्याकरण आणि अर्थ

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील एका लहान कारखान्यात गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकास काही दिवस बसण्याचा योग आला. हा भाग मुळात कल्याणच्या लष्करी छावणीचा. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. छावणीचे जुने क्रमांक मात्र लोकांच्या तोंडून गेले नाहीत. पत्ता सांगताना आजही कॅम्पचा क्रमांक लागतोच. जागेला चिकटलेला क्रमांक निराळा आणि माणसांनी ठेवलेले नाव निराळे, हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

कारखान्यात एक जुने मिलिंग मशीन होते. ओतीव लोखंडाचे अंग, बॉलस्क्रू, सर्व्हो मोटरी आणि त्यांचे ड्राइव्ह शाबूत होते. नियंत्रक मात्र निकामी झाला होता व त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवा नियंत्रक घेण्याची मालकांची ऐपत नव्हती. मशीन भंगारात घालावयाचे, की ‘लिनक्ससीएनसी’ या खुल्या स्रोताच्या प्रणालीवर चालवून पाहावयाचे, असा प्रश्न होता. या प्रणालीचे मूळ १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत झालेल्या कामात आहे. शासकीय संस्थेचे काम असल्यामुळे ते सार्वजनिक झाले, आणि पुढे स्वयंसेवकांनी ते वाढविले. तिच्या जोडीला ‘मेसा’ कंपनीचे ५आय२५ हे संगणकात बसणारे कार्ड आणि त्याला जोडलेली ७आय७७ ही पाटी घेण्यात आली. ७आय७७ वर सहा एन्कोडर वाचण्याची सोय आहे, आणि सहा ड्राइव्हना उणे १० ते अधिक १० व्होल्टपर्यंतचा वेगाचा हुकूम देता येतो.

भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाचे येथे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. काम असे, की ही सर्व सामग्री जुळविण्यासाठी काही मजकूर लिहावा लागतो, आणि त्या मजकुराला व्याकरण असते.

लिनक्ससीएनसीत ‘हॅल’ नावाचा एक थर आहे. त्यातील प्रत्येक घटकाला ‘पिना’ असतात. पिनेचे नाव ठरलेले असते, कॅम्पच्या क्रमांकासारखे. ते आपणांस सहसा बदलता येत नाही. दोन वा अधिक पिना जोडणाऱ्या ‘सिग्नल’ला मात्र जुळणी करणारा स्वतः नाव ठेवतो. ‘नेट’ या आज्ञेनंतर प्रथम सिग्नलचे नाव आणि मग पिनांची नावे लिहिली की जोडणी झाली. पिना कोणत्याही क्रमाने लिहिल्या तरी चालते, कारण देणारी कोण आणि घेणारी कोण हे पिनेच्या अंगीच ठरलेले असते. ‘रामाने रावणास मारले’ हे ‘रावणास रामाने मारले’ असे म्हटले तरी मरतो रावणच. प्रत्यय अर्थ सांभाळतो. हॅलची रीत नेमकी हीच आहे. लोक पिनांच्या मध्ये बाण काढतात, ते मशीन वाचीतच नाही. ते केवळ वाचणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी असतात. एका सिग्नलला देणारी पीन एकच असावी, घेणाऱ्या कितीही असाव्यात, आणि सर्वांचा प्रकार एक असावा, हे नियम मोडले तर प्रणाली जोडणी नाकारते. लिंगवचनाचा अन्वय चुकला म्हणजे व्याकरणाचा शिक्षक वही परत करतो, तसेच हे.

मात्र एका ठिकाणी क्रमाला फार महत्त्व आहे. दर मिलिसेकंदाला एक फेरा होतो. त्यात प्रथम कार्डाकडून एन्कोडरचे आकडे वाचावयाचे, मग हालचालीची आज्ञा ठरवावयाची, मग ‘पीआयडी’ या घटकाने अपेक्षित जागा व प्रत्यक्ष जागा यांतील तफावत काढून वेग ठरवावयाचा आणि शेवटी तो कार्डाकडे लिहावयाचा. लिहिण्याचे काम आधी नोंदविले गेले तर प्रणाली तक्रार करीत नाही. ड्राइव्हला मात्र नेहमी मागल्या फेऱ्याचा शिळा हुकूम मिळत राहतो.

येथपर्यंत व्याकरण झाले. आता अर्थाकडे वळू, कारण खरा धोका तेथे आहे.

प्रथम मापाचा विचार करू. एन्कोडरवर एका फेऱ्यात २५०० रेघा असतील, तर दोन्ही वाहिन्यांच्या कडा मोजल्यामुळे १०,००० मोजण्या मिळतात. बॉलस्क्रू एका फेऱ्यात टेबल ५ मि.मी. सरकवीत असेल, तर एका मि.मी.ला २००० मोजण्या होतात. चौपटीचा विसर पडून कोणी ५०० लिहिले तर फाइल निर्दोष ठरते, पण २० मि.मी. सांगितल्यावर टेबल ५ मि.मी.च जाते. वेगाचेही माप असेच बांधावे लागते. १० व्होल्टला मोटर मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर टेबलाचा वेग सेकंदाला सुमारे १६७ मि.मी. होतो. कार्डाला हे प्रमाण सांगितले म्हणजे पीआयडीचा निर्गम थेट ‘मि.मी. प्रतिसेकंद’ या एककात बोलू लागतो, आणि वेगाच्या पूर्वसूचनेचा ‘एफएफ१’ हा गुणक १ ठेवता येतो. निर्गम कोणत्या एककात आहे हे ठाऊक नसताना गुणक चाचपडत बसणारे पुष्कळ असतात. त्यांचे दिवस व्यर्थ जातात असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसरी बाब चिन्हाची. मशीनवर काम करणाऱ्या कारागिराने पहिल्याच दिवशी विचारले, “सर, टेबल उजवीकडे गेले की आकडा वाढला पाहिजे ना?” प्रश्न साधा वाटतो, उत्तर नकारार्थी आहे. सीएनसीच्या संकेतानुसार दिशा हत्याराच्या दृष्टीने मोजतात. हत्यार जागेवर राहून टेबल सरकत असेल, तर टेबल डावीकडे गेले म्हणजे हत्यार कामाच्या तुकड्यावर उजवीकडे गेले, आणि आकडा तेव्हा वाढावा लागतो. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे शब्द बोलणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असतात, हे आम्ही वर्गात शिकवितो. येथे ते लोखंडात दिसले.

चिन्हे दोन असतात, एक एन्कोडरचे आणि दुसरे निर्गमाचे. दोन्ही बरोबर असतील तर ठीकच. दोन्ही चुकली तर दोन नकार मिळून होकार होतो. मशीन शांतपणे चालते, परंतु त्या अक्षावर उलटे चालते. अक्षरे कोरली तर ती आरशात पाहिल्यासारखी उमटतात. खरा अनर्थ एकच चिन्ह चुकल्यास होतो. मग तफावत कमी करण्यासाठी दिलेला हुकूम ती वाढवितो, वाढलेली तफावत आणखी मोठा हुकूम देते, आणि टेबल सुसाट सुटते. पीआयडीचा ‘पी’ गुणक ५० असेल व ड्राइव्ह हुकमासरशी वळतो असे धरले, तर एक शतांश मि.मी.ची तफावत एक दशांश सेकंदात सुमारे दीडशेपट होते. तेवढ्या वेळात टेबलावरचा हात मागे घेता येत नाही. फाइलीत व्याकरणाची एकही चूक नसते, हे विशेष.

म्हणून पहिली परीक्षा वीज न देता करावी. ड्राइव्ह बंद ठेवून स्क्रू हाताने फिरवावा, पडद्यावरचा आकडा कोणत्या दिशेने बदलतो ते पाहावे व सरकलेले अंतर डायल लावून पडताळावे. आम्ही एन्कोडरचे चिन्ह असे निश्चित केले. नंतर मोटर स्क्रूपासून सोडवून, ‘पी’ अगदी लहान ठेवून आणि तफावतीची ‘एफएरर’ ही मर्यादा १ मि.मी. करून निर्गमाचे चिन्ह तपासले. ते उलटे निघाले. मोटर क्षणभर भिरभिरली, प्रणालीने मर्यादा ओलांडल्याचे सांगून ड्राइव्हची अनुज्ञा काढून घेतली, आणि मोटर थांबली. स्क्रूला जोडलेली असती तर काय झाले असते, याची चर्चा चहाच्या वेळेपर्यंत चालली होती.

कार्डावर एक पहारेकरीही असतो. संगणकाकडून ठराविक काळात, एरवी ५ मिलिसेकंदांत, लेखन आले नाही तर तो सर्व निर्गम बंद करतो. तरीही आपत्कालीन थांब्याचे बटण प्रणालीच्या भरवशावर ठेवू नये. त्याने काँटॅक्टरमार्फत ड्राइव्हची वीज प्रत्यक्ष तोडली पाहिजे. प्रणालीला त्याची केवळ वार्ता द्यावी.

सिग्नलांची नावे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती मराठी शब्दांची, रोमन लिपीत ठेवली : ‘क्ष-जागा’, ‘क्ष-हुकूम’, ‘क्ष-तफावत’. पुढे दुरुस्तीस येणाऱ्या परक्या माणसाला ती कळणार नाहीत, असा आक्षेप मालकांच्या मुलाने घेतला व तो रास्त होता. पिनांची नावे त्याच्यासाठी आहेतच, असे मी म्हणालो. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही. अखेर नावे मराठी राहिली, आणि विजेच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटविण्यात आला. त्यावर प्रत्येक नावासमोर त्याची पीन, दोन्ही चिन्हे व मापाचा आकडा आहे. सर्वांत वर कारागिराने आपल्या अक्षरात लिहिले आहे : ‘आकडा वाढला म्हणजे टेबल डावीकडे.’