फरदड ठेवाल, तर बोंडअळी पोसाल



डिसेंबर लागला की शिवारात एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, पऱ्हाटीला एक पाणी दिलं तर अजून दोन वेचण्या निघतील ना?" जायकवाडीचे आवर्तन हाताशी असलेल्या पैठणकडच्या शेतकऱ्याला हा मोह सुटत नाही. घरात पैशाची चणचण असते, हे आम्हालाही कळते. पण ही फरदड पुढच्या हंगामात किती महागात पडते, तो हिशेबही मांडा.

2002 साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचे बीजी-2 आले. बोंडअळीची फवारणी संपली, असे वाटले. पण 2010 मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे ती बीजी-2 लाही पुरून उरली. 2017 च्या खरिपात तर मराठवाडा-विदर्भात कित्येकांनी उभ्या कपाशीत रोटावेटर फिरवला.

असे का झाले? लाखो अळ्यांत एखादी चिवट अळी बीटीचे विष पचवते. तिच्या पतंगाची सोयरीक साध्या पतंगाशी झाली, तर होणारी बहुतेक पिलावळ बीटीवर मरते. असे साधे पतंग तयार व्हावेत म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगर बीटी बी मिळत असे. ते कडेने लावायचे होते. आपण ती पुडी बांधावर फेकली! मग चिवटाची गाठ चिवटाशीच पडत गेली. आता हे बी पाकिटात मिसळूनच येते. पण गेलेली ताकद त्याने लगेच परत येत नाही.

हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. गुलाबीचे मुख्य खाद्य मात्र कपाशीच. शेत पाच-सहा महिने कपाशीविना राहिले, तर तिची साखळी तुटते. अमेरिकेत बीटी कपाशी लावली, वांझ पतंग सोडले, पऱ्हाट्या गाडल्या. 2018 मध्ये तिथे या अळीचे उच्चाटन जाहीर झाले. पतंग सोडणे आपल्या हातात नाही, पऱ्हाटी उपटणे तर आहे!

एवढे करा :

1) डिसेंबरअखेर वेचणी संपवा. शेळ्या-मेंढ्या चारून पऱ्हाटी उपटा. पाणी असेल तर त्यावर उन्हाळी भुईमूग घ्या.

2) पऱ्हाट्यांची गंजी बांधावर लावू नका. वाळक्या बोंडांत अळी झोपून राहते. सरपणाला ठेवायच्या तर बोंडे आधी झाडून जाळा.

3) जूनआधी लागवड नको. कमी दिवसांत येणारे वाण निवडा.

4) पीक 45 दिवसांचे झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले, किंवा 20 हिरव्या बोंडांत दोन अळ्या सापडल्या, तरच फवारणी करा.

पतंगाला बांध कळत नाही. तुम्ही पऱ्हाटी काढली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर कष्ट वाया. म्हणून सरपंच मंडळींना विनंती, ग्रामसभेत पऱ्हाटी काढण्याची एकच तारीख ठरवा, दवंडी द्या. अळीला उपाशी ठेवायचे असेल, तर अख्ख्या गावाला एकदम हात लावावा लागेल.