छपरावर यंत्र चढविण्यापूर्वी

यंदाच्या स्मरणिकेसाठी सभासदांस उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना झाली. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारे आयुष्य तूर, हरभरा, गहू व ज्वारी यांच्या घाऊक व्यापारात गेलेले. यंत्रविद्येवर लिहिण्याचा अधिकार आपणांस आहे, असा त्याचा मुळीच दावा नाही. परंतु दुकानाच्या छपरावर शीतयंत्र बसविताना हातून एक मोठी चूक घडली, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्या एका माणसाने भरली. अशी चूक अन्य कोणा व्यापारी बंधूच्या हातून घडू नये, एवढ्याच हेतूने ही लेखणी हाती घेतली आहे.

आमच्या लहानपणी बेळगावात शीतयंत्राची कोणास आठवणही होत नसे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे हे गाव. कौलारू घरे, मागे परसू, परसात आंब्याचे झाड. चैत्रातली दुपारसुद्धा एका टेबलपंख्यावर निभावत असे. आता गल्लोगल्ली तीनमजली स्लॅबच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. खडे बाजारातील कापड दुकाने, सराफी पेढ्या, निपाणीतील दवाखाने, लॉज, मंगल कार्यालये, सर्वत्र एसी आला. त्याच छतांवर आंघोळीच्या पाण्याचे सोलर बंब आले, पाण्याच्या टाक्या आल्या. हे यंत्र मुळात माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर मालाच्या रक्षणासाठी जन्मास आले, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सन १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद आकुंचन-प्रसरण पावत असे व रंगांची छपाई बिघडत असे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आवरणारे यंत्र योजिले. हवेच्या ओलाव्याने माल कसा बिघडतो, हे निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

आता घडलेली हकीकत सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल महिना होता. गोदामाला लागून असलेल्या पेढीच्या खोलीत एसी बसवावयाचा ठरला. ठेकेदाराने कोटेशन दिले. त्यात यंत्र, तांब्याची नळी, वायर, मजुरी यांखाली शेवटची एक ओळ होती : ‘फळ्या, दोर व शिडीचे भाडे, रुपये १८००’. चाळीस वर्षांच्या सवयीने माझी लेखणी त्या ओळीवर गेली. “हे कशाला? पोरे चढतील की पत्र्यावरून,” असे म्हणून मी ती ओळ खोडली. ठेकेदारानेही फारसा आग्रह धरला नाही. सौदा चांगला झाला, या समाधानात मी घरी जेवावयास गेलो.

दुसऱ्या दिवशी वीस-बावीस वर्षांचा एक कारागीर बाहेरचे युनिट खांद्यावर घेऊन गोदामाच्या सिमेंटच्या पत्र्यावरून चालला. पत्रा पंचवीस वर्षांचा, वरून शेवाळाने काळा पडलेला. खाली आधार कोठे आहे, ते वरून दिसत नाही. मधोमध पाय पडताच पत्रा फुटला आणि मुलगा चौदा फूट खाली आला. खाली तुरीच्या पोत्यांची थप्पी होती म्हणून जीव वाचला. मांडीचे हाड मात्र मोडले. इस्पितळात त्याची आई भेटली. ती मला एक शब्दही लागेल असे बोलली नाही. एवढेच विचारले, “सावकार, पोराला परत वर चढता येईल न्हवं? त्याचं पोट त्याच्यावरच हाय.” उपचारांचा खर्च मी केला, पुढील काही महिने घरीही मदत पाठविली, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. तो मुलगा आज चालतो, पण किंचित लंगडतो, आणि वर चढण्याचे काम त्याने सोडले आहे. अठराशे रुपयांची ती खोडलेली ओळ मी अद्याप जपून ठेवली आहे.

त्यानंतर जाणत्या अभियंत्यांस व मेकॅनिकांस विचारून जे समजून घेतले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट छपराच्या जातीची. कौले आणि सिमेंटचे पत्रे ही माणसाच्या पायासाठी केलेली नाहीत. ती केवळ ऊन-पाऊस अडवितात. जुना पत्रा तर वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो. ‘बोल्टांच्या रांगेवरून चालले म्हणजे झाले’ असे काहीजण सांगतात. पण एक पाऊल चुकले की संपले. म्हणून अशा छपरावर यंत्र ठेवूच नये. ते भक्कम भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटवर, जमिनीवर ओट्यावर किंवा स्लॅबवर ठेवावे. दुरुस्तीसाठी पत्र्यावर जाणे अगदी अटळ असेल, तर खालच्या दोन-तीन आधारांवर टेकतील अशा रुंद फळ्या आधी अंथराव्यात, कारागिराच्या अंगात पूर्ण पट्टा व दोर असावा, आणि पट्ट्याचा दोर तुळईसारख्या पक्क्या आधारास बांधावा. पाण्याच्या नळास किंवा कठड्यास नव्हे. नुसता कमरेचा पट्टा पुरेसा नाही; पडताना त्याचा हिसका पोटास व कण्यास बसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. येथे आम्हा धान्यवाल्यांची गंमत होते. ‘दीड टनाचा एसी’ म्हटल्यावर माझ्या मनात पंधरा क्विंटल उभे राहिले होते! हा टन वजनाचा नव्हे, थंडाव्याचा आहे. पूर्वी बर्फाने खोल्या गार करीत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढे काम करणारे यंत्र ते एक टनाचे. दीड टनाच्या एसीचे बाहेरचे युनिट प्रत्यक्षात तीस-चाळीस किलोच भरते. मोठ्या दालनासाठी छतावर ठेवावयाचे दहा टनी यंत्र मात्र चार-पाचशे किलोपर्यंत जाते. पाण्याचा हिशेब याहून सोपा आणि याहून फसवा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरचा सोलर बंब भरला की पन्नास किलोची चार पोती झाली, वर सांगाड्याचे वजन निराळे. हजार लिटरची टाकी म्हणजे वीस पोती.

मग स्लॅब किती पेलतो? भारतीय मानकानुसार लोकांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो, आणि केवळ दुरुस्तीपुरते चढावयाच्या छतासाठी ७५ किलो एवढा भार धरून आखणी करतात. आपल्या भाषेत, पावणेअकरा चौरस फुटांवर तीन पोती, किंवा दीडच पोते. म्हणून जड वस्तू स्लॅबच्या मधोमध न ठेवता जेथे खाली भिंत किंवा तुळई आहे तेथे ठेवावी, आणि मोठ्या यंत्राच्या बाबतीत अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात सन १२०४ मधील कमल बस्ती उभी आहे. तिच्या छतातील दगडी कमळ आपण सर्वांनी मान वर करून पाहिले असेल. आठशे वर्षे ते वर टिकले, कारण कोणते ओझे कोणत्या खांबावर उतरावयाचे, याचा हिशेब दगड चढविण्यापूर्वी झाला होता. आपण मात्र यंत्र आणून मग जागा शोधतो.

तिसरी गोष्ट वारा-पावसाची. आपल्याकडे वर्षाला साधारण पन्नास इंच पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत; निपाणीकडे कमी, पण वळवाचा तडाखा दोन्हीकडे सारखाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. नुसते विटांवर टेकविलेले युनिट किंवा तारेने बांधलेला सोलरचा सांगाडा अशा वेळी खाली रस्त्यावर येऊ शकतो. यंत्र बोल्टांनीच बसवावे. परंतु बोल्टासाठी स्लॅबला भोके पाडू नयेत. तेथूनच वॉटरप्रूफिंग फुटते आणि दोन पावसाळ्यांनी खालच्या थप्पीवर थेंब पडू लागतो. साठवणुकीच्या धान्यात बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा राखण्यासाठी आपण किती जपतो. एका भोकाने त्यावर पाणी पडते आणि पोत्यात बुरशी धरते. म्हणून स्लॅबवर काँक्रीटचे छोटे ओटे करून त्यांत बोल्ट गाडावेत, मध्ये रबराचे तुकडे घालावेत, आणि यंत्रातून ठिबकणारे पाणी नळीने थेट पन्हाळीस न्यावे. ते साचू दिल्यास शेवाळ, घसरडे आणि डास, तिन्ही होतात.

यंत्राची जागा कठड्यापासून निदान सहा फूट आत असावी. आज बसविणारा एक दिवस वर जातो. पण दरवर्षी जाळी धुण्यास येणारा माणूस पुढील दहा वर्षे तेथेच पाठमोरा वाकून उभा राहणार आहे. धान्याच्या पेठेत हे धुणे अधिक वेळा लागते, कारण भुशाची धूळ जाळीत बसून यंत्राचा श्वास कोंडते. वर जाण्यास कायमचा जिना उत्तम. शिडीच असेल, तर चार फूट उंचीस एक फूट या प्रमाणात ती भिंतीपासून दूर टेकवावी, तिचे टोक छताच्या कडेवर तीन फूट चढलेले असावे, आणि शिडीवरून ओझे नेऊ नये. ओझे दोराने व कप्पीने वर घ्यावे.

चौथी गोष्ट वीज व आग यांची. यंत्राजवळच, हात पोहोचेल अशा ठिकाणी, स्वतंत्र स्विच असावा; म्हणजे दुरुस्ती करणारा वर असताना खाली कोणी अजाणता बटण दाबील ही भीती राहत नाही. अर्थिंग तपासून घ्यावे, गळती होताच वीज तोडणारे तीस मिलीअँपिअरचे उपकरण बसवावे, आणि हेस्कॉमकडून मंजूर असलेला भार नव्या यंत्रास पुरतो की नाही, हे आधी पाहावे. नळ्या जोडताना गॅसची ज्योत वापरतात. जवळ बारदान किंवा भुसा असेल तर तो हलवावा, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे, आणि काम संपल्यावरही अर्धा तास तेथे माणूस बसवावा. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ हा काहीसा ज्वालाग्राही वायू असतो. काहींत आर-२९० म्हणजे प्रत्यक्ष प्रोपेनच असतो. नळीची गळती नायट्रोजन भरूनच तपासावी. घाईने ऑक्सिजन भरल्यास कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होतो व माणसे दगावतात. ‘नायट्रोजनचे नळकांडे आणले आहे काय?’ एवढा प्रश्न मालकाने तोंडाने विचारावा. उत्तरावरून कारागीर कळतो.

शेवटची गोष्ट काळाची. आपण एप्रिलमध्ये उकडू लागले की मेकॅनिकास बोलावतो. तेव्हा त्यास दिवसाला चार-चार ठिकाणी जावयाचे असते. घाईत दोर गाडीतच राहतो. हेच काम जानेवारी-फेब्रुवारीत करावे. हवा कोरडी असते, कारागिरास सवड असते, आणि पुष्कळदा दरही बरा मिळतो. पाऊस, वळवाचे ढग किंवा विजांचा कडकडाट असताना कोणासही छतावर पाठवू नये.

बंधूंनो, घासाघीस हा आपल्या धंद्याचा प्राण आहे. क्विंटलमागे पाच रुपये सोडविणारा तो शहाणा व्यापारी. परंतु यंत्राच्या किमतीत, नळीच्या दरात, मजुरीत हवी तेवढी घासाघीस करावी. फळ्या, दोर, पट्टा व शिडी यांच्या ओळीस हात लावू नये. उलट ती ओळ कोटेशनात नसेल, तर आपण होऊन घालावयास सांगावी आणि कामाच्या दिवशी तासभर स्वतः उभे राहून पट्टा बांधलेला पाहावा. कारागीर ठेकेदाराचा, म्हणून आपली जबाबदारी नाही, असे समजू नये. या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला, आणि आपल्या धंद्याचे काम ठेक्याने करून घेणाऱ्या मालकासही त्याने मोकळे सोडले नव्हते. पण कायद्याच्या भयाने नव्हे, तर इस्पितळातील त्या बाकावर आपणांस बसावे लागू नये म्हणून हे करावे.

गेल्या फेब्रुवारीत चिरंजिवांनी पेढीवर दुसरे यंत्र बसविले. कोटेशन मजपुढे आले. मी वरचे चार आकडे सवयीप्रमाणे कमी करून घेतले. शेवटच्या ओळीशी आलो, आणि तेथे लेखणी बंद करून सही केली.

सर्व सभासद बंधू-भगिनींस नूतन वर्ष सुखाचे व निर्विघ्नतेचे जावो.